जरा इकडे बघा

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात, ज्येष्ठ सभासदांच्या फोटोसत्रापूर्वी केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्मरणिकेत साठीपुढच्या प्रत्येक सभासदाचा एक चांगला, ठळक फोटो छापायचा असं कमिटीनं ठरवलं आणि नावं नोंदवायला तळमजल्यावरच्या फलकावर कागद लावला. कागद पंधरा दिवस होता. आपल्याकडे साठीपुढची माणसं मोजली तर सत्तरच्या वर भरतात. कागदावर नावं आली नऊ. त्यातली दोन आमच्याच घरातली, आणि त्यातलंही एक मी परस्पर लिहिलेलं. मग कमिटीची मंडळी घरी आली आणि म्हणाली, काका, तुम्ही बँकेत आयुष्यभर माणसं हाताळलीत, तुम्हीच दोन शब्द बोला. म्हणून हा माइक माझ्या हातात आहे.

नावं का आली नाहीत याची मी जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी चौकशी केली. उत्तरं साधारण ठरलेली. ‘माझा फोटो चांगला येत नाही हो.’ ‘कवळी बसवून झाली की बघू.’ ‘माझा नको, ह्यांचा काढा.’ एक उत्तर मात्र आवाज खाली आणून मिळालं, आणि तेही एकाहून अधिक जणांकडून. ‘आता या वयात फोटो म्हणजे काय, भिंतीवर लावायलाच ना?’

या शेवटच्या उत्तराकडे मी येणारच आहे. ते टाळून आजचा विषय बोलता येणार नाही. पण आधी पहिलं घेऊ.

बँकेत पेन्शनच्या दिवशी काउंटरवर एक गोष्ट नेमानं घडायची. खातेदार स्वतः समोर उभा, पासबुक त्याचं, रक्कम त्याची, आणि स्लिपवरची सही कार्डावरच्या नमुना सहीशी जुळत नाही. पासिंग ऑफिसर म्हणणार, ‘आजोबा, सही नीट करा.’ झालं! नीट करा म्हटलं की आजोबा श्वास रोखणार, पेन घट्ट धरणार आणि एकेक अक्षर कोरून काढणार. दुसरी सही पहिलीपेक्षा वाईट, तिसरी त्याहून वाईट. मी अशा वेळी स्लिप बाजूला ठेवत असे. आत बोलावून खुर्ची द्यायची, गावाकडे पाऊस कसा आहे विचारायचं, नातीचं कितवीचं वर्ष ते विचारायचं. बोलता बोलता कोरी स्लिप पुढे सरकवायची. आजोबा नातीचं कौतुक सांगत सांगत एका झटक्यात सही करून मोकळे. अगदी कार्डावरच्यासारखी!

मंडळी, फोटोचं हेच आहे. चेहरा ही आपली नमुना सही. रोजच्या बोलण्यात ती आपण बिनदिक्कत करत असतो. कॅमेरा समोर आला आणि कोणी ‘हसा’ म्हणालं, की आपण ती कोरायला बसतो. मग मान ताठ, डोळे मोठे, ओठ ताणलेले. आणि तो फोटो बघून आपणच म्हणतो, माझा फोटो चांगला येत नाही. अहो, चेहरा चांगलाच आहे, सही जुळली नाही इतकंच.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. ड्यूशेन नावाचे एक फ्रेंच डॉक्टर होते. चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन कोणता स्नायू काय करतो याचा त्यांनी अभ्यास केला आणि १८६२ साली त्यावर फोटोंसह पुस्तक काढलं. त्यांना असं आढळलं, की ओठांची टोकं आपण मनात आलं की वर ओढू शकतो, पण मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आवळला जातो तो सहसा आपला हुकूम ऐकत नाही. मनापासून आनंद झाला की तो आपोआप हलतो. म्हणजे बघा, ‘हसा’ असं सांगून कोणाला हसवताच येत नाही. ज्या फोटोग्राफरला हे कळतं तो हसा म्हणत नाही, तो काहीतरी बोलतो.

आपल्या लहानपणीचे स्टुडिओ आठवा. बाजारपेठेत वरच्या मजल्यावर, लाकडी जिना. आत एक आरसा, दोऱ्याला बांधलेला कंगवा, पावडरचा डबा. मागे रंगवलेला पडदा. त्यावर कारंजं किंवा ताजमहाल, ज्यांनी पुणं पाहिलं नाही त्यांच्यामागे ताजमहाल! खुंटीला एक कोट, सगळ्या गावाचा मिळून एक. मग काळ्या कापडात डोकं घालून फोटोग्राफर म्हणायचा, ‘हलू नका.’ त्याआधी दोन बोटांनी हनुवटी धरून आपलं तोंड असं काही वळवायचा, की पुढचे दोन दिवस मान आखडावी. आपल्या पिढीला कॅमेऱ्याची जी भीती आहे ना, तिचं मूळ मला तरी या ‘हलू नका’मध्ये दिसतं.

त्या शब्दाला इतिहास आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची फोटोची पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका चित्राला काही मिनिटं लागत. माणूस इतका वेळ स्थिर कसा राहणार? म्हणून खुर्चीच्या मागे लोखंडी टेकू असायचा, त्यात डोकं मागून अडकवून ठेवायचं. जुन्या फोटोंतली माणसं रागावलेली दिसतात त्याचं एक मोठं कारण हे. हसू तेवढा वेळ टिकत नाही हो. आपल्या मुंबईत ही विद्या फार लवकर आली. १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफीची संस्था निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्यात होते. पुढे काचा सुधारल्या, फिल्म आली, आता तर सेकंदाच्या शंभराव्या भागात काम होतं. टेकू गेला, पण आपल्या मानेतून तो अजून निघालेला नाही.

आता एक आठवण सांगतो. १ जानेवारी १९९४ पासून नवीन खात्यासाठी खातेदाराचा फोटो घ्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला. त्याआधी अंगठा लावणाऱ्या खातेदारांचे फोटो घेत असू, आता सगळ्यांचेच आले. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यांवरून बायका खातं उघडायला येत. फोटो म्हटलं की परत जात. काहींनी लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून आपलं डोकं कात्रीनं कापून आणलेलं मी पाहिलंय. एक बाई, पन्नाशीच्या पुढच्या, स्टुडिओत जाऊन तीन प्रती घेऊन आल्या. आयुष्यातला पहिला फोटो. दोन फॉर्मला लावल्या. तिसरी त्यांनी बराच वेळ हातात धरली, मला विचारलं, ‘सायेब, ही मीच का?’ मी म्हटलं, तुम्हीच. त्या इतक्या गोड लाजल्या, आणि फोटो चंचीत ठेवून चंचीची दोरी आवळली. बँकेला मिळालेल्या फोटोत त्या कोणीतरी धरून आणल्यासारख्या दिसत होत्या. चंची बंद करताना चेहऱ्यावर जे होतं ते टिपायला तिथे कोणी नव्हतं. लाजणं म्हणजे फोटो नको असणं नव्हे, हे मला त्या दिवशी समजलं. ‘माझा नको, ह्यांचा काढा’ म्हणणाऱ्या काकूंनी हे ऐकून घ्यावं.

‘माझा फोटो माझ्यासारखा वाटत नाही’ ही तक्रारही मी बऱ्याच जणांकडून ऐकली. तिला उत्तर आहे. आपण स्वतःला जन्मभर आरशात पाहतो. आरशात डावं ते उजवं. भांग, तीळ, किंचित वाकडं नाक, सगळं उलट बाजूला. फोटो आपल्याला जगाला दिसतो तसा दाखवतो, आणि तो आपल्याला परका वाटतो. १९७७ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी याचा प्रयोग केला. एकाच व्यक्तीचे दोन फोटो, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा. स्वतःला बहुतेकींनी उलटा पसंत केला, त्यांच्या मैत्रिणींनी सरळ. म्हणजे ज्या फोटोला तुम्ही नाक मुरडता, तोच तुमच्या माणसांना आवडण्याचा संभव जास्त! म्हणून माझी एक सूचना आहे. आजच्या फोटोंतला कोणता छापायचा हे स्वतः निवडू नका. सुनेला निवडू द्या, नातवाला द्या. (नवऱ्याला देऊ नका. तो ‘सगळे सारखेच आहेत’ म्हणतो.)

दुसरी गोष्ट मोबाइलची. हात लांब करून, तोंडाजवळ मोबाइल धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान गायब होतात. जी वस्तू जवळ ती मोठी, एवढं साधं गणित. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्यापेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं, असा हिशोब २०१८ साली डॉक्टरांच्या एका नियतकालिकात आला होता. तेव्हा त्या फोटोवरून कोणी स्वतःच्या नाकाविषयी मत करून घेऊ नये. आज कॅमेरा सहा-सात फुटांवर असणार आहे. तुमचं नाक तुमच्याएवढंच येईल.

आणि कॅमेऱ्याची सवय नाही असं तरी कसं म्हणता? दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी निम्मी सोसायटी माझ्याकडे येते. २०१४ साली डिजिटल दाखला सुरू झाला, २०२१ पासून चेहरा दाखवूनही तो काढता येतो. मोबाइलमधल्या गोलात तोंड धरायचं आणि पापण्या मिटून उघडायच्या, की आपण जिवंत असल्याचं सरकारला पटतं. एक काका दरवेळी पापण्या मिटतात त्या उघडतच नाहीत. काकू शेजारून ओरडतात, ‘अहो, उघडा आता, पेन्शन जाईल!’ त्यावर काका जे हसतात, तो खरा फोटो. सरकारला तो नको असतो. आम्हाला हवा आहे.

आता ते भिंतीवरचं उत्तर.

माझी आई १९८६ मध्ये गेली. तिचा एकटीचा फोटो घरात नव्हता. ती फोटोला नाही म्हणत असे अशातला भाग नाही. फोटोची वेळ आली की ती स्वयंपाकघरात असे. ‘तुम्ही उभे राहा, मी एवढी कढी उतरवून येते.’ ती येईपर्यंत फोटो झालेला असे. मिळाला तो थोरल्या भावाच्या लग्नातला एकत्र फोटो, १९६८ चा. त्यात ती तिसऱ्या ओळीत, कोणाच्या तरी पागोट्याआड अर्धी झाकलेली. चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. तो एका स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला. डाळीचा फूटभर चेहरा करायचा म्हणजे उरलेलं हातानंच भरायचं. तिथल्या कारागिरानं डोळे रंगवले, नाक सरळ केलं, झाकलेला कान काढला आणि त्या कानात मोत्याची कुडी घातली. आईनं कुडी आयुष्यात कधी घातली नाही. काम सुबक होतं, सगळे नातेवाईक छान आलाय म्हणाले. आज अडतीस वर्षं तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. माझ्या मुलांसाठी, नातवंडांसाठी आजी-पणजी म्हणजे त्या बाई. आई कशी होती हे विचारलं तर मला डोळे मिटून सांगावं लागतं, फोटोकडे बोट दाखवता येत नाही.

आणि हे जुन्या काळचंच आहे असं समजू नका. गेल्या वर्षी आपल्या बी विंगमधल्या आजी गेल्या. त्यांच्या मुलाच्या परवानगीनं सांगतोय. रात्री दीडला तो माझ्याकडे आला, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाचे फोटो तुमच्याकडे आहेत का विचारत. घरात चार मोबाइल, हजारो फोटो. आजींचे सगळ्यात पाठमोरे, नाहीतर कडेला अर्धे, नाहीतर वाढताना खाली बघताना. शेवटी आधार कार्डावरचा घेतला. आधार कार्डावर कोण कसं दिसतं हे मी सांगायला नको.

फोटो भिंतीवर लावायलाच असतो, हे खरं आहे. मी त्यावर वाद घालणार नाही. फोटो काढल्यानं आयुष्य कमी होतं असं आमच्या आजीच्या पिढीत म्हणत, आपण तसं मानत नाही, पण मनात कुठेतरी ती पाल चुकचुकतेच. माझं म्हणणं इतकंच, की भिंत रिकामी राहत नाही. आपण फोटो दिला नाही तर कोणीतरी कात्रीनं कापून, रंगवून, आधार कार्डावरून काढून लावतोच. तिथे मी लावायचा की माझ्यासारखा कोणीतरी, एवढंच आपल्या हातात आहे, आणि तेही आज आहे.

ज्या काकूंनी ‘हे गेल्यापासून मी फोटो काढत नाही’ असं सांगितलं, त्यांना मी आग्रह करणार नाही. पण त्यांच्या नातीनं मला वेगळं गाठून सांगितलंय की तिला आजीचा फोटो हवा आहे. मी निरोप पोहोचवला.

बरं, आता प्रत्यक्ष कामाचं. फोटो काढणारी मुलगी आपल्याच सी विंगमधली आहे, रीतसर शिकलेली. तुमच्यापैकी अनेकांनी तिला कडेवर घेतलंय, तेव्हा तिला घाबरायचं कारण नाही. तिनं मला जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो.

सभागृहाच्या मोठ्या खिडकीपाशी खुर्ची ठेवली आहे. ट्यूबलाइट बंद राहतील, कारण वरून उजेड आला की डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि माणूस आजारी दिसतो. खिडकीचा उजेड एका बाजूनं, मऊ येतो. खुर्चीत रेलून बसू नका, पुढच्या निम्म्या भागावर बसा, पाठ आपोआप सरळ होते. खांदे किंचित वळलेले, तोंड कॅमेऱ्याकडे. हनुवटी वर करू नका, थोडी पुढे आणून जरा खाली घ्या. बसल्यावर विचित्र वाटतं, फोटोत बरं दिसतं. चष्मा रोज असेल तर आजही असू द्या, त्यावर उजेड चमकला तर ती डोकं कसं झुकवायचं ते सांगेल. आणि श्वास रोखू नका. सोडा. त्या पेन्शनच्या सहीसारखंच आहे सगळं.

हातांचं काय करायचं हा मोठा प्रश्न असतो. रिकाम्या हातांना फार संकोच होतो. म्हणून हातात आपलं काहीतरी आणा. विणकाम, पोथी, वर्तमानपत्र, पेटी वाजवणाऱ्यांनी पेटी आणा, माझी काही हरकत नाही. नव्या घडीची साडी किंवा कोऱ्या इस्त्रीचा शर्ट नको, अंगाला ओळखीचे कपडे घाला. आपल्या आनंदीबाई जोशींचा तो फोटो पाहिला असेल, ऑक्टोबर १८८५ चा, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला. एक जपानच्या, एक सीरियाच्या आणि आपल्या आनंदीबाई, तिघी वैद्यकीय विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेशात. आनंदीबाई साडीत. वय वीस. परक्या देशात, परक्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्यासुद्धा. हसू नाही त्या फोटोत, पण कोणी त्यांना बसवलंय असं वाटत नाही, त्या बसल्या आहेत असं वाटतं. हसायलाच हवं असा काही नियम नाही, हे सांगायला हा दाखला दिला. ज्यांचा चेहरा मुळात गंभीर आहे त्यांनी गंभीरच राहावं. आपले खजिनदार हसतमुख छापले तर हिशोबावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

प्रत्येकाचे तीस-चाळीस फोटो ती काढणार आहे. पहिले दहा सोडून द्यायचे, ते अंग सैल करायला. एकेक फोटो झाला की उठून बघायला जाऊ नका, मधेच पासबुक भरून मागितलं की रांग थांबते. समोर, कॅमेऱ्याच्या मागे, आपल्या घरातलं एक माणूस उभं राहील आणि तुमच्याशी बोलेल. हे मी मुद्दाम ठरवून घेतलंय. कोणाशी बोलताना तुमचा चेहरा खुलतो हे तुम्हालाच माहीत, त्या माणसाला घेऊन या. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी शेजारचं कोणी आणावं. पंचवीस वर्षांच्या शेजारात एवढा हक्क आहे आपला. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांच्या घरी संध्याकाळी चारनंतर ती स्वतः येईल, खिडकीजवळची एक खुर्ची मोकळी करून ठेवा.

एक शेवटचं. प्रत्येकाला एक फोटो कागदावर छापून मिळणार आहे. मोबाइल बदलतो, बिघडतो, कागद कपाटात टिकतो. त्या कागदाच्या मागे नाव, वर्ष आणि जागा लिहा. पेनानं लिहू नका, शाई पुढे उमटते. माझ्या भावाच्या लग्नाच्या त्या फोटोत त्रेचाळीस माणसं आहेत. मागच्या दिवाळीत आम्ही भावंडं जमलो तेव्हा मोजली. अकरा माणसं कोण आहेत हे आता आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नाही. त्यातला एक लहान मुलगा आईचा पदर धरून उभा आहे, तो आमच्यातला कोणी नाही.

पेन्सिली ऑफिसच्या टेबलावर ठेवल्या आहेत.